गणपती गेले, आरती राहिली

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचं निदान झालं. बोलतो थोडंच, पण चाल एकदा ऐकली की विसरत नाही. यंदा गणपतीत घरी रोज आरत्या झाल्या, वाडीत जाखडी झाली. गणपती गेले तरी याच्या तोंडची आरती काही गेली नाही. मिक्सर लावला की सुरू, पाहुणे आले की सुरू. जेवणाच्या आधी तर हमखास मंत्रपुष्पांजली, तीही अगदी आमच्या घरच्या चालीत. आणि देवळात भजनाला नेलं, तिथे तीच आरती सुरू झाली, तर कान झाकून ओरडायला लागला. सासूबाई म्हणतात, देवाची देणगी आहे, गाऊ दे. शेजारीण म्हणते, एकदा मेंटलला दाखवून आण. शाळेतून तक्रार येते. माझ्याही डोक्यात जाखडीतली एक चाल कितीतरी दिवस बसली होती. त्याचं आणि माझं हे एकच का? हे ऑटिझममुळे होतं का? आणि त्याला थांबवायचं की गाऊ द्यायचं?
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण शाळेची तक्रार डोक्यावर असताना बाकीचं वाचायला धीर राहत नाही. त्याला थांबवायची घाई करू नका. तो कधी गातो, आरतीतला कोणता भाग गातो आणि गाऊन झाल्यावर काय घडतं, हे आधी नीट बघा. मिक्सर, पाहुणे आणि जेवण हे तीन प्रसंग तुम्ही स्वतःच पत्रात लिहिले आहेत. गाणं तेच असलं तरी त्या तीन वेळांना तो तीन वेगळ्या गोष्टी करत असावा, असं मला वाटतं. त्याकडे येतेच.

आधी तुमच्या डोक्यातली जाखडी. असं सगळ्यांचंच होतं. लासी लिक्कानेन या फिनलंडच्या संशोधकाने तिथल्या सुमारे १२ हजार लोकांना विचारलं, तेव्हा दहातल्या नऊ जणांनी सांगितलं की आठवड्यातून एकदा तरी एखादं गाणं डोक्यात घोळत राहतं. २००५ साली ‘नेचर’मध्ये डेव्हिड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटासा, फार सुंदर प्रयोग छापून आला. लोकांना काही ओळखीची आणि काही अनोळखी गाणी ऐकवली आणि मध्येच काही सेकंद आवाज बंद केला. ओळखीच्या गाण्यात आवाज थांबला तरी मेंदूतला ऐकण्याचा भाग कामात राहिला. कानावर काही पडत नसताना मेंदूने गाणं पुढे नेलं होतं. तुमच्या डोक्यातली चाल हेच करत होती, फक्त काही सेकंदांऐवजी कितीतरी दिवस.

कुठली गाणी अशी बसतात, हेही कुणीतरी तपासलं आहे. ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या केली जाकुबोव्स्की यांनी २०१६ साली ३ हजार लोकांनी सांगितलेल्या गाण्यांतून १०० गाणी घेतली आणि तितकीच लोकप्रिय, पण कुणाच्या डोक्यात न बसलेली १०० गाणी त्यांच्याशी ताडून पाहिली. डोक्यात बसणारी गाणी जलद लयीची निघाली. त्यांच्या चालीचा चढउतार कानाला सवयीचा होता, पण मध्येच कुठेतरी एक अनपेक्षित उडी होती. ती सगळी पाश्चात्त्य पॉप गाणी होती, तरी आपली जाखडी आठवून बघा. मधोमध शाहीर, ढोलकीवाला आणि झीलकरी बसलेले, भोवती पायात चाळ बांधून फिरणारा मुलांचा गोल. झीलकरी तीच ओळ पुन्हा पुन्हा उचलतात आणि प्रत्येक फेरीला लय थोडी चढते. चाल पुष्कळदा सिनेमातल्या गाण्याची, म्हणजे कान आधीच तयार असतो. ती डोक्यात बसली नसती तरच नवल.

अशी चाल येते ती हात कामात आणि मन मोकळं असताना. भांडी घासताना येते, एसटीत खिडकीशी बसल्यावर येते. अमेरिकेतल्या आयरा हायमन यांना २०१३ साली असं दिसलं की काम फार सोपं असलं तरी गाणं परत येतं आणि फार अवघड होऊन मन त्यातून निसटलं तरी येतं. बेताचं अवघड, शब्दांशी संबंधित काम हाती घेतलं की ते मागे हटतं, म्हणून शब्दकोडं उपयोगी पडतं. अर्धवट आठवणारी ओळ सारखी फिरत असेल तर पूर्ण गाणं एकदा शेवटापर्यंत ऐकावं, त्यानेही बऱ्याच जणांची सुटका होते. रेडिंग विद्यापीठाच्या फिलिप बीमन यांनी २०१५ साली दाखवलं की चुइंगम चघळल्यावर गाणं कमी वेळा आठवतं, कारण मनातल्या मनात गातानाही आपण तोंडाच्या हालचालींचा आधार घेत असतो. यातलं काहीही स्वमग्नतेचं लक्षण नाही. डोक्यात गाणं बसतं एवढ्यावरून कुणाला ऑटिझम आहे असं ठरत नाही. पत्रात तुम्ही उघड विचारलं नाहीत, पण ‘त्याला हे माझ्याकडून तर आलं नसेल’ अशी शंका मला ओळींमागे दिसली. या चालीमुळे ती मनात आली असेल तर काढून टाका.

आता मुलाबद्दल. तुमच्या आणि त्याच्या गाण्यात एक फरक सुरुवातीलाच ध्यानात घ्यायला हवा. तुमचं गाणं आत वाजत होतं, त्याचं बाहेर ऐकू येतं. त्याच्या डोक्यात आत काय चाललंय हे त्याने सांगितल्याशिवाय कळणार नाही. तिथेही तुमच्यासारखीच चाल फिरत असेल, त्याला कुणाचंही मूल अपवाद नाही. पण तोंडाने म्हणणं ही कृती आहे, आणि कृतीला बहुतेक वेळा कारण असतं.

स्वमग्नता आणि गाणं यांची गाठ अगदी पहिल्या नोंदीपासूनची आहे. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ साली ११ मुलांची हकिकत लिहिली, तिथून या निदानाला सुरुवात झाली. त्यातला पहिला मुलगा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड, वर्षाचा असतानाच कितीतरी चाली अचूक गुणगुणत असे. याच डोनाल्ड ट्रिपलेट यांनी पुढे बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, आणि २०२३ साली ८९व्या वर्षी ते वारले. त्याच लेखातला चार्ल्स नावाचा मुलगा दीड वर्षाचा असताना १८ सिंफनी वेगवेगळ्या ओळखायचा, सुरुवात ऐकताच संगीतकार कोण ते सांगायचा. १९९८ साली लंडनमध्ये पामेला हीटन यांनी संगीत न शिकलेल्या मुलांना काही सूर ऐकवले आणि प्रत्येक सुराला एका प्राण्याचं चित्र जोडून दिलं. कोणत्या सुराचा कोणता प्राणी, हे स्वमग्न मुलांनी इतर मुलांपेक्षा चांगलं लक्षात ठेवलं. सगळ्याच स्वमग्न मुलांचं असं नसतं, काहींना संगीत अजिबात आवडत नाही. पण ज्यांचा कान असा असतो त्यांचा फारच पक्का असतो. तेव्हा सासूबाई देणगी म्हणतात, त्यात मोठं तथ्य आहे. फक्त त्या देणगीपायी त्याला पाहुण्यांसमोर उभं करून ‘गा, गा’ करू नये, एवढं त्यांना सांगा.

कॅनर यांनीच १९४६ साली लिहिलेली पॉल नावाच्या मुलाची गोष्ट मात्र मला तुमच्यासाठी सविस्तर सांगायची आहे. हा मुलगा स्वयंपाकाचं पातेलं किंवा त्यासारखं भांडं दिसलं की एका बडबडगीतातले दोन शब्द ओरडायचा. ते गाणं भोपळा खाणाऱ्या एका माणसाचं. पातेल्याशी त्याचा संबंध काय, कुणालाच कळेना. अर्थहीन बडबड, असं म्हणून कुणीही सोडून दिलं असतं. मग त्याच्या आईला आठवलं. मुलगा दोन वर्षांचा असताना एक दिवस ती स्वयंपाकघरात काम करता करता त्याला तेच बडबडगीत म्हणून दाखवत होती आणि तिच्या हातून पातेलं खाली पडलं. त्या आवाजाबरोबर ते दोन शब्द त्याच्या मनात पातेल्याला जोडले गेले. त्याच्या दृष्टीने ते पातेल्याचं नावच होतं. फक्त ते कुठून आलं, हे ठाऊक असणारं जगात एकच माणूस होतं, त्याची आई.

तुमच्या घरी आरत्या संपल्या की मंत्रपुष्पांजली होते आणि मंत्रपुष्पांजली संपली की हातावर प्रसाद पडतो. गणपतीतले सगळे दिवस हा क्रम त्याने पाहिला. आता तो जेवणाच्या आधी आरती न म्हणता नेमकी मंत्रपुष्पांजली म्हणतो. ताई, ‘भूक लागली, वाढ’ असं तो तुम्हाला सांगत असण्याची दाट शक्यता आहे. खरं का, हे ताडून बघणं सोपं आहे. एखाद्या दिवशी जेवणाची वेळ नसताना त्याने ती सुरू केली की लगेच खायला पुढे करा. खाऊ घेतला आणि गाणं थांबलं, असं पुन्हा पुन्हा झालं तर तुमचा अंदाज बरोबर. मग त्याच क्षणी तुम्ही ‘भूक लागली’ हे दोन शब्द त्याच्या वतीने, त्याच सुरात म्हणत जा. तो शब्द त्याला हवा आहे, त्याच्यापाशी तयार नाही, म्हणून तो जवळचं गाणं वापरतो. बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या वाचातज्ज्ञांनी १९८०च्या दशकात अशा ऐकीव वाक्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि दाखवून दिलं की या पुनरुक्तीतून मुलं मागतात, नाकारतात, स्वतःला धीर देतात, समोरच्याशी बोलणं चालू ठेवतात. त्याआधी तिला निव्वळ दोष समजून ती बंद करण्याचे उपाय केले जात. ते उपाय आजही कुणी सुचवलेच तर मानू नका.

मिक्सरचं गाणं निराळं असावं. स्वमग्न माणसांपैकी पुष्कळांना काही आवाज सहन होत नाहीत. २०१३पासून निदानाच्या निकषांतही ही गोष्ट धरली जाते. अंगावर येणाऱ्या आवाजात स्वतःच्या तोंडचा ओळखीचा आवाज त्याला सांभाळून घेत असेल. गाणं थांबवण्यापेक्षा मिक्सर लावण्याआधी त्याला सांगा, दाखवा, हवं तर दुसऱ्या खोलीत जाऊ द्या. पाहुण्यांच्या बाबतीत मला दोन्ही शक्यता दिसतात. घरात अनोळखी माणसं आल्याची धास्ती असेल, किंवा गणपतीत माणसं जमली की आरती होते म्हणून तो त्यांना त्यांचं काम आठवून देत असेल. गाताना तो त्यांच्याजवळ येतो की कोपऱ्यात जातो, यावरून तुम्हाला कळेल.

आता देवळातला प्रसंग. घरी जी आरती तो दिवसभर म्हणतो, तिच्यावरच देवळात ओरडला, हे तुम्हाला विसंगत वाटलं असणार. याला दोन कारणं असू शकतात. पहिलं साधं, झांजा आणि पखवाज बंद गाभाऱ्यासमोर कानठळ्या बसवतात. दुसरं कारण पट्टीचं. एखादा सूर नेमका कोणता, हे कशाच्याही आधाराशिवाय ओळखणारा कान स्वमग्न लोकांमध्ये इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. घरी तुम्ही काळी दोनमध्ये आरती म्हणत असाल आणि देवळातल्या बुवांची पेटी पांढरी पाचवर असेल, तर तुम्हाआम्हाला ती तीच आरती. त्याला ती तशी वाटत नसेल, प्रत्येक सूर चुकलेला वाटत असेल. घरी मोबाईलवर हळू आवाजात कुणा दुसऱ्याच्या पट्टीतली आरती लावून बघा. आवाज लहान असूनही तो अस्वस्थ झाला तर कारण पट्टी आहे. शांत राहिला तर कारण आवाज, आणि मग देवळात जाताना कान झाकणारे हेडफोन पुरतील. पट्टीचं असेल तर पेटी शिकवणाऱ्या एखाद्या समजूतदार गुरुजींकडे त्याला जरूर न्या. ज्याला पट्टीतला फरक इतका जाचतो, त्याला पेटीचे सूर हाताने शोधायला आवडण्याची शक्यता मोठी आहे.

गाण्याचा उपयोग बोलण्यासाठी करता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग आणि मेघा शारदा यांच्या गटाने स्वमग्न मुलांना बोललेले आणि गायलेले शब्द ऐकवून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. बोललेले शब्द ऐकताना मेंदूच्या पुढच्या आणि कानाजवळच्या भागांतला जो मेळ कमी पडत होता, तो गायलेले शब्द ऐकताना शाबूत होता. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे गाण्याची वाट मोकळी आहे. त्या वाटेने काय पाठवायचं, ते आपल्या जाखडीच्या शाहिरांना विचारा. ओळखीची चाल घ्यायची आणि तिच्यावर आपले नवे शब्द बसवायचे, हेच तर ते वर्षानुवर्षं करत आले. तुम्हीही आरतीच्या चालीत ‘हात धुवायचे, पाटावर बसायचं’ असं म्हणायला लागा. सासूबाईंना आरतीची चाल वापरणं रुचणार नसेल तर जाखडीची घ्या, ती तर तुमच्या डोक्यात आहेच. त्याने एक ओळ म्हटली की पुढचा एक शब्द सोडून थांबा आणि त्याच्याकडे बघा. तो शब्द त्याने भरला की ते संभाषणच झालं.

याच्या पुढे जाऊन कुणी ‘संगीताने ऑटिझम बरा करतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. २०१८ साली मॉन्ट्रियलमध्ये मेघा शारदा यांनीच ६ ते १२ वर्षांच्या ५१ मुलांवर केलेल्या अभ्यासात ८ ते १२ आठवड्यांच्या संगीतसत्रांनंतर मुलांचा संवाद सुधारल्याचं दिसलं. पण त्याच्या आधल्याच वर्षी ९ देशांतल्या ३६४ मुलांवरच्या मोठ्या चाचणीत संगीतोपचारामुळे स्वमग्नतेच्या मुख्य लक्षणांत ठळक फरक पडला नव्हता. गाण्याने मूल आनंदात राहतं, आईशी जोडलं जातं, एखादा शब्द मिळतो. माझ्या लेखी हे पुष्कळ आहे आणि ते घरी फुकट होतं.

शेजारणीच्या सल्ल्याबद्दल. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातल्या मोजक्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक आहे, तिथे जाण्यात कमीपणा कसलाच नाही. पण स्वमग्नता हा मानसिक आजार नव्हे, ती मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे, आणि आरती म्हणणं हा तर आजार मुळीच नव्हे. डॉक्टरांकडे जायची वेळ निराळी. गाणं अचानक खूप वाढलं, सोबत तो कान ओढतोय, गालावर हात मारतोय किंवा जेवत नाहीये, तर कानाचा, दातांचा, पोटाचा त्रास आधी तपासून घ्या. कमी बोलणारं मूल दुखणं असंच दाखवतं. गाताना रडकुंडीला येत असेल, थांबायचं असूनही थांबता येत नसेल, झोप उडाली असेल किंवा कुणीतरी बाहेरून गातंय असं त्याला वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मनोविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा. एरवी तुम्हाला खरी गरज आहे ती वाचाउपचारतज्ज्ञाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे, त्याची चौकशी जिल्हा शासकीय रुग्णालयात करा. शहरातल्या ‘आविष्कार’ संस्थेच्या सविता कामत विद्यामंदिरात विशेष मुलांना वर्षानुवर्षं शिकवलेले शिक्षक भेटतील, त्यांच्याशीही बोला.

राहिली शाळा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे त्याला वर्गात सामावून घेणं हे शाळेचं कर्तव्य आहे. तरी सुरुवात कायद्याने नको. बाईंच्या समोर चाळीस मुलं असतात आणि एकजण मंत्रपुष्पांजली म्हणतो, त्यांची अडचणही खरी आहे. घरी जी नोंद कराल ती त्यांना कागदावर लिहून द्या : कोणता भाग म्हणाला म्हणजे भूक, कोणता म्हणाला म्हणजे गोंगाट सोसत नाही. त्याची जागा पंख्याखालून आणि दारापासून हलवायला सांगा, गोंगाट वाढला की पाच मिनिटं व्हरांड्यात जाऊ द्यायला सांगा, आणि मधल्या सुट्टीच्या थोडं आधी डब्यातलं काहीतरी खायची मुभा मागा. एवढं करूनही शाळा ऐकत नसेल तर समग्र शिक्षा अभियानातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या पंचायत समितीत भेटतात. त्यांना वर्गात येऊन एक तास बसायची विनंती करा, आणि त्या दिवशी तुम्हीही तिथे हजर राहा.